म्हैसूरची जावा आणि तिच्या जावा

'जावा' हा शब्द मराठी कानाला प्रथम ओळखीचा वाटतो तो घरातल्या नात्यामुळे. जावा-जावा आणि उभा दावा, अशी म्हणच आहे. मोटरसायकलीच्या नावाचा त्या नात्याशी अर्थातच काही संबंध नाही. चेकोस्लोव्हाकियातील फ्रांतिशेक यानेचेक या कारखानदाराने १९२९ मध्ये 'वांडरर' या जर्मन कंपनीकडून मोटरसायकल बनविण्याचे हक्क घेतले आणि आपल्या व तिच्या नावांची आद्याक्षरे जोडून हे नाव घडविले. तथापि भारतात आल्यावर या गाडीला खऱ्याखुऱ्या जावा भेटल्या : मद्रासची बुलेट आणि फरिदाबादची राजदूत. त्यांचा दावाही बराच काळ चालला. त्यात दोन प्रश्न पुन्हा पुन्हा पुढे येत. शर्यतीत पुढे कोण? आणि निगा राखण्यास सोपी कोण? हे प्रश्न वेगळे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती एकाच रचनेची दोन अंगे होत.

म्हैसूर म्हटले की राजवाडा, दसरा, चंदन आणि रेशीम आठवते. यंत्रांची आठवण सहसा कोणाला होत नाही. परंतु १९६० मध्ये रुस्तम इराणी व फारूख इराणी यांनी 'आयडियल जावा' ही कंपनी तेथे स्थापन केली आणि १९६१ पासून शहराच्या यादवगिरी भागातील कारखान्यातून जावा बाहेर पडू लागल्या. उद्‌घाटन झाले ते म्हैसूरचे राज्यपाल जयचामराज वडियार यांच्या हस्ते. राजघराण्याच्या वारसानेच यंत्रयुगाचे दार उघडावे, हा योग लक्षात राहण्याजोगा आहे. बेळगाव जिल्हा १९५६ पासून म्हैसूर राज्यातच असल्याने तेथील मराठी माणसाच्या दृष्टीने ही गाडी आपल्याच राज्याची होती. १९७३ च्या सुमारास परवान्याचे नाव मागे पडून 'येझ्दी' हे नाव आले. इराणातील यझ्द शहराशी त्याचा संबंध जोडला जातो. नाव बदलले, पण इंजिनाची मूळ रचना तीच राहिली.

ती रचना समजून घेतल्यावाचून पुढची तुलना कळावयाची नाही. बुलेटचे इंजिन चार धावांचे. दट्ट्या, ज्याला कारागीर पिस्टन म्हणतात, एकदा खाली येऊन हवा-पेट्रोलाचे मिश्रण ओढतो, वर जाऊन ते दाबतो, स्फोटाने पुन्हा खाली ढकलला जातो आणि वर जाताना जळलेला वायू बाहेर टाकतो. चार धावांत जोर मिळतो तो एकदाच. त्यासाठी झडपा हव्यात, त्या उचलणारे दांडे हवेत आणि त्यांना हलविणारे कॅम हवेत. जावाचे इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दोनच धावांचे. तिच्या सिलिंडरच्या भिंतीतच खिडक्या ठेवलेल्या असतात आणि वरखाली होणारा पिस्टन स्वतःच त्या उघडतो व झाकतो. पिस्टनच्या वर स्फोट होत असतो, तेव्हा त्याच्या खालच्या पेटीत पुढच्या वेळचे मिश्रण तयार असते. झडपा नाहीत, कॅम नाहीत. मुख्य हलणारे भाग तीनच : पिस्टन, जोडदांडा आणि क्रँक. सिलिंडरचा व्यास ६५ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर, त्यावरून आकारमान सुमारे २४९ घनसेंटिमीटर. बुलेटचे ३४६. आकाराने लहान असूनही जावाला प्रत्येक फेऱ्याला जोर मिळतो, म्हणून ती चपळ.

मात्र या साधेपणाची एक किंमत आहे. मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच वर जात असल्याने तेथे वेगळे तेल साठविता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावयाचे. वीस-पंचवीस भाग पेट्रोलास एक भाग तेल हे प्रमाण जुन्या जावाच्या मालकाला पाठ असे. तेल कमी पडले तर पिस्टन तापून सिलिंडरला धरतो; अधिक झाले तर प्लग काळा पडून गाडी रुसते. यातला एक धोका अनुभवाशिवाय सहसा ध्यानात येत नाही. म्हैसूरहून उटीला गेलेला स्वार परतताना निलगिरीचा लांब उतार उतरतो. वेग आवरण्यासाठी तो पेट्रोल बंद करून गाडी गिअरमध्येच ठेवतो. चाके इंजिनाला भराभर फिरवीत राहतात, परंतु पेट्रोल थांबले की तेलही थांबते. इंजिन सर्वांत जास्त फिरत असताना त्याला सर्वांत कमी वंगण मिळते. जाणते स्वार उतारावर मधूनमधून मूठ पिळून इंजिनाला घोटभर मिश्रण देत, ते याच कारणाने. बुलेटवाल्याला ही चिंता नाही; तिचे तेल वेगळे, ते पंपाने फिरत असते. शिवाय तिचे इंजिन उतारावर गाडीला चांगले रोखूनही धरते.

बाकी निगेच्या बाबतीत जावा फारच सुलभ. तेलमिश्रित पेट्रोलाची काजळी पिस्टनच्या माथ्यावर, धुराच्या खिडकीत आणि सायलेन्सरच्या आतल्या नळीत साठते, आणि ही साठली की गाडी ओढेनाशी होते. मग वरचे झाकण उतरावे, पिस्टनच्या ॲल्युमिनियमवर ओरखडा उठणार नाही अशा बोथट पट्टीने काजळी खरवडावी, सायलेन्सरची नळी काढून जाळून स्वच्छ करावी. कॉन्टॅक्ट पॉइंटमधले अंतर ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवावे. हे सारे सकाळच्या चहानंतर सुरू करून जेवणापूर्वी आटोपण्यासारखे काम. साखळी बंद पेटीत असल्याने धूळ-चिखलापासून सुरक्षित. गिअरचाच दांडा वर वळविला की तो किक होतो, आणि गिअर बदलताना क्लच आपोआप सुटतो. या शेवटच्या सोयीबद्दल मते भिन्न आहेत. चढावर ती वरदान ठरते. पण तिची जुळणी बिघडली की नवशिका कारागीर चांगलाच घोटाळ्यात पडतो.

बुलेट याउलट. झडपांच्या टॅपेटचे अंतर पाहावयाचे, तेल ठरावीक काळाने बदलावयाचे, सांध्यांतून गळणाऱ्या तेलाकडे लक्ष ठेवावयाचे. किक मारण्यापूर्वी डीकॉम्प्रेसरची कळ दाबून अँमीटरचा काटा मध्यावर आणण्याचा विधी तर प्रसिद्धच आहे. तो चुकला की किक पायावर उलटते. मात्र एकदा जुळवलेली बुलेट संथ गतीने, पेट्रोल बेताने खात दूरवर नेते. राजदूत ही तिसरी जाऊ धाकटी आणि सोशिक. एस्कॉर्ट्स कंपनीने पोलंडमधील रचनेवरून १९६२ पासून बनविलेली ही १७३ घनसेंटिमीटरची टू-स्ट्रोक गाडी. दूधवाल्याच्या बरण्या तिने मुकाट्याने वाहिल्या, पण शर्यतीचे वेड तिच्या अंगी नव्हते. तिचेच एक छोटे भावंड १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटात झळकले, हा भाग वेगळा.

आता शर्यत. मद्रासजवळ शोळावरम येथे महायुद्धकाळातील एक धावपट्टी होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्‌स क्लबने तेथे अनेक वर्षे शर्यती भरविल्या. कारखान्यातून आलेली गाडी जशीच्या तशी अशा ठिकाणी उतरवीत नाहीत. टू-स्ट्रोकच्या बाबतीत तिला वेगवान करण्यास नवे भाग फारसे लागत नाहीत, कानस पुरते. धुराची खिडकी किंचित उंच केली की इंजिन अधिक वेगाने फिरते. माथ्याचे झाकण घासून पातळ केले की मिश्रण अधिक दाबले जाते. पण खिडकी उंच झाली की कमी वेगावरचा जोर हरपतो, आणि दाब वाढला की उष्णता वाढते. पिस्टनच्या कड्या रुंद केलेल्या खिडकीत अडकून तुटू लागतात. म्हणजे ज्या कानशीने गाडी शर्यतीत पुढे जाते, तीच कानस तिची निगा दुप्पट करते. शर्यत संपल्यावर अनुभवी कारागीर प्रथम प्लग काढून पाहतो. तो कूर्गच्या भाजलेल्या कॉफीसारखा तपकिरी असेल तर ठीक. पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडले आणि पिस्टन थोडक्यात वाचला, असे समजावयाचे.

या विद्येचा मोठा आचार्य पूर्व जर्मनीत होऊन गेला. एमझेड कारखान्यातील वाल्टर काडेन याने १९५० नंतरच्या दशकात असे दाखवून दिले की, धुराच्या नळीला योग्य जागी फुगवून पुन्हा निमुळते केले तर त्यातून परतणारी दाबलहर निसटू पाहणारे ताजे मिश्रण सिलिंडरमध्ये मागे ढकलते. झडपेचे काम लोखंडाने नव्हे, ध्वनीच्या वेगाने धावणाऱ्या लहरीने केले! १९६१ मध्ये, म्हणजे म्हैसूरचा कारखाना सुरू झाला त्याच वर्षी, काडेनचा स्वार अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील शर्यतीच्या वेळी देश सोडून निघून गेला आणि हे ज्ञान जपानच्या सुझुकीला मिळाले. पुढच्याच वर्षी ५० घनसेंटिमीटर वर्गातील जगज्जेतेपद डेगनरने सुझुकीवर मिळविले. आज छंद म्हणून पळविल्या जाणाऱ्या दूरनियंत्रित शर्यतमोटारींत हेच इंजिन दोन-सव्वादोन घनसेंटिमीटरचे होऊन बसले आहे. मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल यांच्या मिश्रणावर ते मिनिटाला तीस हजारांहून अधिक फेरे घेते. त्याचीही धुराची नळी फुगीरच असते आणि दोन मोटारींची तुलना करताना त्या छंदिष्टांचाही प्रश्न तोच : वेगवान कोणती, आणि दोन फेऱ्यांच्या मध्यंतरात खोलून जुळविता येईल अशी कोणती?

म्हैसूरच्या गाडीची कसोटी लागली १९८३ मध्ये. येझ्दीची १९७८ पासून निघणारी रोडकिंग सुमारे १६ अश्वशक्तीची. त्या वर्षी एस्कॉर्ट्सने यामाहाच्या रचनेची राजदूत ३५० आणली : दोन सिलिंडर, पहिल्या आवृत्तीत ३०.५ अश्वशक्ती, तेलासाठी वेगळा पंप. सरळ पट्टीवर रोडकिंगचा तिच्यापुढे निभाव लागणे शक्य नव्हते. पण शर्यतीच्या मैदानावरची ही राणी बाजारात हरली. पेट्रोलाची तहान मोठी, सुटे भाग महाग, आणि गावातल्या कारागिराला तिच्यात हात घालण्याचे धैर्य होईना. काही वर्षांतच तिचे उत्पादन थांबले. रोडकिंग मात्र चालत राहिली. उत्तम यंत्र कोणते याचा निकाल केवळ घड्याळावर लावणाऱ्यांनी ही घटना अवश्य ध्यानात घ्यावी.

अर्थात रोडकिंगचा हा विजयही टिकला नाही. टू-स्ट्रोकमध्ये धुराची आणि मिश्रणाची खिडकी एकाच वेळी उघडी असताना जुना धूर बाहेर आणि नवे मिश्रण आत येत असते. त्यातले काही न जळताच निसटते, आणि तेल तर जळण्यासाठीच घातलेले असते. मागून दिसणारी निळसर धुराची शेपटी ती हीच. १९८५ मध्ये हीरो होंडाची चार धावांची छोटी गाडी आली आणि पेट्रोलाची बचत हा खरेदीचा पहिला निकष झाला. १९९१ पासून वाहनांच्या धुरावर कायद्याने मर्यादा आल्या. १९९६ मध्ये त्या आणखी कडक झाल्या. ज्या रचनेने निगा सोपी केली होती, तीच आता गुन्हेगार ठरली. जुन्या साच्याला चिकटून राहिलेल्या कारखान्याला नवे इंजिन उभे करणे जमले नाही. १९९६ मध्ये यादवगिरीचे काम बंद पडले आणि यंत्राच्या आवाजावरून दोष ओळखणारे कामगार घरी बसले. २००१ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने कंपनी विसर्जनात निघाली.

गाड्या मात्र संपल्या नाहीत. भाग थोडे, आणि ते कानस-लेथवर घडविता येण्याजोगे, म्हणून साठ वर्षांची जावाही आज पुन्हा उभी करता येते. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ठिकठिकाणचे मालक त्या घेऊन एकत्र जमतात. २०१८ मध्ये जावा हे नाव भारतात पुन्हा अवतरले. ती नवी गाडी मध्य प्रदेशातील पिथमपूरची, इंजिन चार धावांचे आणि पाण्याने थंड होणारे. तिच्या टाकीत नुसते पेट्रोल भरले की झाले; जुनीचा मालक मात्र पंपावर अजून तेलाचे माप मागून घेतो, आणि ते ओतल्यावर गाडी दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडे हलवितो.