'अँबेसिडर'च्या पोटातील ब्रिटिश स्पोर्ट्‌स कार

मंद्रूप (जि. सोलापूर) : सोलापूर-विजापूर महामार्गावरील तेरामैलच्या चौकातून एकेकाळी जिल्ह्याच्या साहेबांची पांढरी अँबेसिडर गेली की तिच्या मागे धुळीचा लोट आणि निळसर धुराची रेघ असे दोन्ही दिसत. धूळ रस्त्याची होती. धूर मात्र इंजिनाच्या वयाचा होता. दक्षिण सोलापूर तालुक्यातील बाजाराच्या गावी येणाऱ्या या गाडीच्या बॉनेटखाली एका नामवंत ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारच्या इंजिनाचे सख्खे भावंड बसलेले आहे, हे त्या वेळी फार थोड्यांना ठाऊक असावे.

ती स्पोर्ट्‌स कार म्हणजे एमजी. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला 'बी सीरिज' नावाचे चार सिलिंडरचे इंजिन घडविले. १,४८९ घन सेंटिमीटर क्षमतेचे हे इंजिन १९५३ मध्ये एमजी मॅग्नेट या गाडीत आले आणि १९५५ मध्ये दोन आसनी एमजीए या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसले. त्याच मूळ कंपनीच्या मॉरिस ऑक्सफर्ड गाडीच्या आराखड्यावरून हिंदुस्थान मोटर्सने १९५७ मध्ये अँबेसिडर बाजारात आणली. आरंभी तिला जुन्या पद्धतीचे, बाजूला व्हॉल्व्ह असलेले इंजिन होते. १९५९ च्या सुमारास त्याची जागा 'बी सीरिज'च्या १,४८९ सीसी इंजिनाने घेतली. सिलिंडरचा व्यास ७३.०२५ मिलिमीटर, पिस्टनचा प्रवास ८८.९ मिलिमीटर, ही मापे एमजीए आणि अँबेसिडर या दोघींचीही एकच. पुढे १९६२ मध्ये आलेल्या एमजीबीसाठी हाच व्यास वाढवून क्षमता १,७९८ सीसी केली गेली, पण पिस्टनचा प्रवास तोच राहिला. आज भारतीय रस्त्यांवर एमजी या नावाच्या नव्या गाड्या धावतात. त्यांचा या इंजिनाशी संबंध नावापुरताच आहे.

मग एक गाडी स्पोर्ट्‌स कार आणि दुसरी सरकारी वाहन कशी झाली? फरक पोटातल्या तपशिलांत आहे. एमजीएला दोन कार्बोरेटर, अधिक कॉम्प्रेशन आणि जास्त वेगात श्वास घेऊ देणारा कॅमशाफ्ट होता. त्यामुळे तिच्याकडून सुरुवातीला ६८ आणि लवकरच ७२ अश्वशक्ती मिळे. अँबेसिडरला एकच कार्बोरेटर आणि हलक्या प्रतीचे पेट्रोलही पचवील असे कमी कॉम्प्रेशन दिले होते. तिची ताकद पन्नास अश्वशक्तीच्या आसपास राहिली. मात्र ब्लॉक, क्रँकशाफ्टची मांडणी, तीन मेन बेअरिंग, ब्लॉकच्या कुशीतला कॅमशाफ्ट आणि त्यावरून पुशरॉडने उघडणारे व्हॉल्व्ह ही सगळी रचना एकाच घराण्यातील. म्हणूनच अँबेसिडरचे इंजिन 'करू' शकणारा मिस्त्री एमजीएच्या इंजिनापुढे गोंधळत नाही. दोन्हींचे सुटे भाग सरसकट अदलाबदल करता येतात, हा समज मात्र खोटा आहे. प्रत्येक भाग मोजूनच घ्यावा लागतो.

खोलण्यापूर्वीची परीक्षा

जुने इंजिन दुरुस्तीला आले की ते लगेच खोलावे, असा अनेक मालकांचा आग्रह असतो. जाणता मिस्त्री आधी कॉम्प्रेशन मोजतो. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरचा दाब घेतला जातो. एखाद्याचा दाब कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजायचे. दाब वाढला तर दोष रिंग आणि सिलिंडरच्या भिंतीचा. तसाच राहिला तर व्हॉल्व्हचा किंवा हेड गॅसकेटचा. एवढ्या साध्या चाचणीने 'पूर्ण इंजिन काम' की केवळ 'हेडचे काम' हे ठरते, आणि मालकाच्या खर्चात कित्येक पटींचा फरक पडतो. धुराचा रंगही बोलतो. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे, आणि गरम इंजिनातूनही पांढरा धूर थांबत नसेल तर पाणी सिलिंडरमध्ये शिरते आहे.

इंजिन उतरवून खोलल्यावर खरा प्रश्न ब्लॉकचा असतो. सिलिंडर सगळीकडे सारखा झिजत नाही. स्फोटाचा दाब आणि उष्णता सर्वाधिक असते ती वरच्या टोकाला, शिवाय तिथे ऑइल कमी पोहोचते. त्यामुळे वरची रिंग जिथवर जाते तिथे झीज जास्त होते आणि तिच्यावर न झिजलेल्या लोखंडाची कडा उरते. ही कडा नखाला लागली की सिलिंडर वरून खाली निमुळता झाल्याचे समजावे. पिस्टन एका बाजूला अधिक रेटला जात असल्याने तो लंबगोलही होतो. अशा सिलिंडरमध्ये नुसत्या नव्या रिंगा घातल्या तर काही महिने धूर थांबतो आणि मग पुन्हा सुरू होतो. वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात 'नुकतेच इंजिन केले आहे' असे सांगितल्या जाणाऱ्या कित्येक गाड्यांचे रहस्य यातच असते.

योग्य उपाय म्हणजे बोअर वाढविणे. पिस्टन १०, २०, ३० आणि ४० हजारांश इंच ओव्हरसाइज अशा पायऱ्यांनी मिळतात. चाळीसची पायरी म्हणजे मूळ व्यासात साधारण एक मिलिमीटरची भर. तेवढी मर्यादा आधीच संपलेली असेल तर ब्लॉकमध्ये लोखंडी स्लीव्ह दाबून बसवितात आणि पुन्हा मूळ मापावर येतात. पन्नास-साठ वर्षे वयाच्या गाडीच्या बाबतीत हा निर्णय केवळ पैशांचा नसतो. ब्लॉकवरील क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रातील क्रमांकाशी जुळणे ही तिची ओळख असते. अनेक अँबेसिडर गाड्यांची मूळ पेट्रोल इंजिने काढून त्यांत डिझेल इंजिने बसविली गेली. मूळ ब्लॉक भंगारात गेला की तो परत येत नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार इंजिन बदलल्याची नोंद करणे बंधनकारक आहे, आणि ती न केलेल्या गाड्यांचे मालक पुढे कागदपत्रांत अडकतात.

पाणी, उन्हाळा आणि क्रँक

सोलापूर जिल्ह्यात या कामात एक स्थानिक शत्रू असतो. तो म्हणजे बोअरचे जड पाणी. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, गाडी तापते, आणि चालक रस्त्यालगतच्या विहिरीचे किंवा हातपंपाचे पाणी रेडिएटरमध्ये ओततो. त्यातील क्षार वर्षानुवर्षे ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत थरावर थर साचवितात. सर्वांत जास्त गाळ साचतो तो मागच्या सिलिंडरभोवती. बाहेरून रेडिएटर स्वच्छ दिसतो, आतला ब्लॉक मात्र चुनखडीने भरलेला असतो. म्हणून कोअर प्लग काढून ब्लॉक आतून खरवडणे आणि धुणे, हे बोअरइतकेच महत्त्वाचे काम आहे. पुढे शुद्ध पाणी आणि कूलंट यांचेच मिश्रण वापरावे, हे सांगण्याची गरज पडू नये, तरी पडते.

क्रँकशाफ्टचे जर्नल मायक्रोमीटरने मोजून ग्राइंडिंगला दिले जातात. सिलिंडर वाढतो तसा क्रँक घटतो. त्याच्याही १०, २०, ३० अशाच पायऱ्या असतात आणि त्या मापाचे अंडरसाइज बेअरिंग घ्यावे लागतात. ग्राइंडिंग झाल्यावर ऑइलची भोके साफ न करणे ही नेहमीची चूक. दगडाची बारीक पूड आत राहिली तर नवे बेअरिंग काही तासांतच कापले जातात.

या इंजिनाच्या मागच्या टोकाला रबरी सील नसतो. क्रँकवर कोरलेले आटे फिरताना ऑइल आत ढकलतात, एवढाच काय तो बंदोबस्त. गाडी उभी राहिली, आटे थांबले, की थेंब खाली. अँबेसिडर जिथे उभी राहते तिथे डाग पडतो, अशी जी ख्याती होती तिचे एक मूळ या रचनेत आहे. त्यासाठी मिस्त्रीला दोष देण्यात अर्थ नाही.

सोलापूरचा कॅमशाफ्ट

क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरणारा कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह केव्हा उघडायचे आणि केव्हा मिटायचे ते ठरवितो. इंजिनाचा स्वभाव, मग तो साहेबांच्या गाडीचा असो वा स्पोर्ट्‌स कारचा, मुख्यत्वे त्याच्या उंचवट्यांच्या आकारावर ठरतो. या भागाशी सोलापूरचे नाते विशेष आहे. चादरी आणि टॉवेलांसाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात १९९२ मध्ये स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी देशविदेशांतील मोटार उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरविते. ओतीव लोखंड साच्यात ओतताना कॅमच्या टोकांपाशी ते झटकन थंड केले की तेवढाच भाग अतिशय कठीण होतो आणि बाकीचा शाफ्ट कोरून घेता येतो. ही पद्धत तिथे मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. जुन्या गाडीच्या मालकाला मात्र असा कारखाना उपयोगी पडत नाही. त्याला हवा असतो एकच नग, तोही साठ वर्षांपूर्वीच्या मापाचा.

जुना कॅमशाफ्ट टिकविण्यात आणखी एक अडचण आहे. बी सीरिज इंजिनात कॅम थेट टॅपेटवर घासत फिरतो. त्या घर्षणापासून संरक्षण देणारे जस्त आणि फॉस्फरस यांचे संयुग पूर्वीच्या ऑइलमध्ये भरपूर असे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला ते अपायकारक असल्याने आजच्या पेट्रोल गाड्यांच्या ऑइलमध्ये ते कमी केलेले आहे. नव्या गाडीसाठीचे महागडे, पातळ ऑइल प्रेमापोटी जुन्या इंजिनात घालणारे मालक नकळत त्याच्या कॅमला झिजवत असतात. जुन्या इंजिनांना ट्वेंटी डब्ल्यू फिफ्टी प्रकारचे, पुरेसे जस्त असलेले ऑइलच मानवते.

हेड, शिसे आणि ऊस

हेडच्या कामात व्हॉल्व्ह घासणे आणि गाइड बदलणे या नेहमीच्या गोष्टी. त्याआधी दोन व्हॉल्व्ह सीटमधील पट्टीवर तडा आहे का, हे तपासून घ्यावे लागते, कारण जास्त तापलेल्या हेडला तो तिथेच जातो. खरी गुंतागुंत इंधनाने निर्माण केली आहे. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग असे. त्याचा सूक्ष्म थर एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या सीटवर बसून गादीसारखे काम करी. भारतात २००० मध्ये शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. माणसांच्या, विशेषतः मुलांच्या आरोग्यासाठी तो निर्णय आवश्यकच होता. पण जुन्या हेडमधील मऊ लोखंडाच्या सीट त्यानंतर उघड्या पडल्या. व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातो, टॅपेटचे अंतर कमी होत जाते आणि अखेर व्हॉल्व्ह पूर्ण मिटेनासा होऊन जळतो. यावर उपाय एकच. हेड उघडलेलेच आहे तर मूळ सीट कापून कठीण धातूच्या सीट बसवून घ्याव्यात.

दुसरा प्रश्न ताजा आहे आणि तो मंद्रूपच्या शिवारातूनच निघतो. सोलापूर हा साखर कारखान्यांचा जिल्हा आहे. दक्षिण सोलापूर तालुक्यातही भंडारकवठे येथे साखर कारखाना आहे. उसापासून मिळणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण देशात २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. ऊस उत्पादकाला त्यातून आधार मिळतो, हे खरे. साठ वर्षांपूर्वीच्या कार्बोरेटरला मात्र हे मिश्रण परके आहे. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा फुगतो किंवा कडक होतो. ते हवेतील ओलावा शोषते आणि उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. शिवाय ते जळण्यासाठी हवा कमी लागते. म्हणजेच पूर्वीच्या जेटमधून तेवढेच इंधन गेले तर मिश्रण फिके पडते आणि इंजिन अधिक तापते. तापलेले इंजिन, चाळिशीपारचा उन्हाळा आणि क्षाराने भरलेला ब्लॉक हे तिन्ही एकत्र आले की हेड गॅसकेट फार दिवस टिकत नाही. म्हणून इंजिनाचे काम करतानाच इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या आणि पडदे बसवून जेट किंचित मोठे करून घेणे शहाणपणाचे ठरते. त्यासाठीचा खर्च एकूण कामाच्या मानाने किरकोळ असतो.

जुळणी आणि पहिली वीस मिनिटे

जुळणीत घाई चालत नाही. प्रत्येक रिंग मोकळ्या सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांतील फट फिलर गेजने मोजतात. ती साधारण ८ ते १३ हजारांश इंच असावी लागते. फट कमी राहिली तर तापल्यावर टोके भिडतात आणि रिंग सिलिंडर ओरबाडते. टायमिंग चेनच्या दोन्ही चक्रांवरील खुणा समोरासमोर आणणे, बेअरिंगचे नट ठरलेल्या टॉर्कनेच आवळणे, हेडचे नट मधून बाहेर अशा क्रमाने टप्प्याटप्प्याने कसणे, ही कामे अंदाजाने करणारे मिस्त्री आजही आहेत. त्यांचा हात कितीही बसलेला असला तरी टॉर्क रेंचला पर्याय नाही.

नवा किंवा घासून घेतलेला कॅमशाफ्ट बसविला असेल तर पहिली वीस मिनिटे निर्णायक ठरतात. इंजिन सुरू होताच ते मंद चालू न ठेवता मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर न्यावे लागते, कारण कॅमवर ऑइल उडते ते क्रँकच्या वेगाने. म्हणून सुरू करण्यापूर्वीच पाणी, ऑइल, पेट्रोल आणि इग्निशन यांची सिद्धता हवी. प्लग काढून स्टार्टर फिरवीत ऑइलचा दाब आधी गेजवर आणून घेतला तर उत्तम. त्यानंतर पाचशे किलोमीटरवर ऑइल बदलायचे, हेडचे नट पुन्हा तपासायचे आणि टॅपेट नव्याने लावायचे.

कागदोपत्री अशा गाड्यांना २०२१ मध्ये स्वतंत्र स्थान मिळाले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेल्या आणि मूळ स्वरूपात जपलेल्या खासगी दुचाकी व चारचाकी वाहनांना केंद्राच्या नियमांनुसार 'व्हिंटेज' म्हणून नोंदविता येते. क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीसाठी २० हजार रुपये आणि दहा वर्षांनंतरच्या नूतनीकरणासाठी पाच हजार रुपये शुल्क त्या वेळी ठरविण्यात आले. या गाड्या प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येतात; रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी नाही. गाडीच्या मूळ सांगाड्यात किंवा इंजिनात मोठे फेरबदल झालेले असतील तर हा दर्जा मिळत नाही. अँबेसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये उत्तरपाडा येथे थांबले आणि एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना त्याच्या कितीतरी आधी, १९८० मध्ये बंद झाला. १९७५ पूर्वी नोंदलेली, मूळ पेट्रोल इंजिन शाबूत असलेली अँबेसिडर या नियमाच्या वयोमर्यादेत आता बसते. तिचे इंजिन उतरवून डिझेल बसविण्याचा सल्ला मिळाला तर मालकाने आधी ब्लॉकवरील क्रमांक पुसून वाचावा आणि तो नोंदणी प्रमाणपत्राशी ताडून पाहावा.