घाटाची भीती, हमरस्त्याचा ताप

पुण्याहून कराड साधारण 160 किलोमीटर. पेट्रोलच्या मोटरसायकलवाल्याला हा आकडा कधी लक्षात ठेवावा लागला नाही. साताऱ्यात चहा घेतला की पुढचा थांबा थेट कोल्हापूर. विजेच्या गाड्या आल्या आणि कराड अचानक नकाशावर ठळक झाले, कारण त्यांतल्या बहुतेकींचा दम कराडच्या थोडा अलीकडे नाहीतर थोडा पलीकडे संपतो. पुणे-बंगळूर रस्त्यावरचा हा सगळा खेळ गेली सहा-सात वर्षे आम्हा कराडकरांना त्यामुळे घरबसल्या पाहायला मिळाला.

सुरुवात 2019च्या ऑगस्टमधली. रिव्होल्टची आरव्ही 400 बाजारात आली आणि दिल्लीपाठोपाठ पुण्यातही मिळू लागली. बॅटरी 3.24 युनिटची. इको मोडमध्ये 150 किलोमीटर, नॉर्मलमध्ये 100 आणि ताशी 85पर्यंत पळवणाऱ्या स्पोर्टमध्ये 80, हे कंपनीनेच सांगितलेले आकडे. बॅटरी तीच, रस्ता तोच, वेग वाढला की अंतर निम्मे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि तो तोडायला लागणारी शक्ती घनाने. ताशी 60 ऐवजी 100ने गेलात तर एकट्या हवेसाठी साडेचार पटींहून अधिक शक्ती मोजावी लागते. एवढी शक्ती द्यायची तर बॅटरीतून तेवढा करंट ओढला जातो, आणि करंट दुप्पट झाला की आत निर्माण होणारी उष्णता चौपट होते.

तेव्हा मात्र उष्णतेची चर्चा फारशी नव्हती. गाडीच धावायची बेताने, आणि चार्जिंग म्हणजे हॉटेलच्या मागच्या भिंतीवरचा पंधरा अँपियरचा बोर्ड. चार-साडेचार तास लागायचे. बॅटरीत वीज इतकी सावकाश भरली जायची की ती तापण्याचा प्रश्नच नव्हता. तापायची ती पिन आणि वायर. दुपारी शेतीपंप सुरू झाले की व्होल्टेज पडते, चार्जर तेवढीच शक्ती खेचण्यासाठी जास्त करंट घेतो, आणि गुंडाळून ठेवलेली एक्स्टेंशन वायर हाताला चटका देते. हॉटेलवाल्याला बिलाची धास्ती असायची. पूर्ण चार्जिंगला चार युनिटांच्या आसपास वीज लागते, हे त्याला पटवण्यात पहिला चहा संपायचा.

चित्र पालटले 2022 साली. त्या मार्चमध्ये पुण्यात लोहगावला उभी असलेली विजेची स्कूटर पेटली आणि तिचा व्हिडिओ घरोघरी पोचला. देशात इतरत्रही अशा घटना घडल्या. केंद्राने चौकशी लावली, बॅटरीच्या सुरक्षेचे एआयएस-156 हे मानक कडक केले आणि ते 1 डिसेंबर 2022 व 31 मार्च 2023 अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एक सेल पेटला तरी आग शेजारच्या सेलपर्यंत पसरू नये आणि चालकाला आधी इशारा मिळावा, हा त्यामागचा गाभा. लांबच्या स्वाराला याचा अनुभव वेगळ्याच रूपात आला. गाडी अधिक सावध झाली. भर उन्हात हमरस्त्यावर दामटली की मध्येच पिकअप कमी करू लागली, आणि थांबून पिन लावली तर चार्जच घेईना. लोक चार्जरला शिव्या घालत. खरे तर लिथियमच्या बहुतेक सेलना साधारण 60 अंशांपर्यंत वीज देणे चालते, पण घेण्याची मर्यादा 45च्या आसपास असते. एप्रिलमध्ये कराडचा पारा 40कडे सरकलेला असताना, दोन तास पळून आलेल्या बॅटरीला ही रेषा ओलांडायला कितीसा वेळ लागणार?

म्हणून माझे मत असे की या रस्त्यावर वेगाने वाचवलेला वेळ फसवा असतो. पुण्याहून ताशी 65ने आलेला आणि 95ने आलेला, यांतला दुसरा साधारण पाऊण तास आधी कराडात पोचेल, तेही वाटेत थांबावे लागले नाही तर. पण त्याची बॅटरी रिकामी आणि तापलेली, म्हणजे आधी ती निवण्याची वाट आणि मग चार्जिंगची. पहिला तोवर येऊन सावलीत गाडी लावतो, थोड्या वेळात पिन जोडतो आणि 80 टक्क्यांना काढून घेतो. शेवटचे 20 टक्के भरताना करंट आपोआप कमी होत जातो. तिथे रेंगाळण्यापेक्षा पुढच्या थांब्यावर पुन्हा भरलेले बरे. जाणते लोक उन्हाळ्यात पहाटेच पुणे सोडतात. हिवाळ्यात बॅटरी खूश असते, पण तेव्हा गळीत हंगाम असतो, आणि मागे दिवा नसलेल्या उसाच्या दोन ट्रॉल्या अंधारात समोर आल्या की बॅटरीचे तापमान कुणाच्या ध्यानातही राहत नाही.

यंत्राच्या बाजूने मोठी सुधारणा कुठली, असे विचारले तर फास्ट चार्जरचे नाव मी घेणार नाही. बॅटरी मोठी झाली, ही खरी सुधारणा. नोव्हेंबर 2022मध्ये बंगळूरच्या अल्ट्राव्हायोलेटने एफ77 आणली, वरच्या मॉडेलमध्ये 10.3 युनिटची बॅटरी. तिप्पट सेल म्हणजे तेवढ्याच कामासाठी प्रत्येक सेलवर तिसरा हिस्सा करंट, आणि बॅटरीतली एकूण उष्णताही साधारण एक तृतीयांश. मार्च 2023मध्ये किंमत जाहीर झालेल्या अहमदाबादच्या मॅटर एरामध्ये तर बॅटरी थंड ठेवायला द्रव खेळवला आहे. मोटारीत हे सर्रास असते. दुचाकीत वजन, जागा आणि किंमत तिन्ही आडवी येतात. आपल्या पुण्याच्या कपिल शेळके यांचा चमू 2009 सालीच आइल ऑफ मॅनच्या विजेच्या शर्यतीत उतरला होता, पण त्यांच्या टॉर्क कंपनीची 2016मध्ये दाखवलेली मोटरसायकल क्रॅटोस या नावाने विक्रीला यायला 2022चा जानेवारी उजाडला. शर्यतीत एक फेरी निभावली की भागते. गिऱ्हाइकाच्या गाडीला अनेक उन्हाळे काढायचे असतात.

चार्जरची गोष्ट जास्त चिडवणारी. हमरस्त्यावरच्या हॉटेलांपुढे मोठे डीसी चार्जर उभे राहिले, ते मोटारींच्या सीसीएस-2 जोडणीचे. दुचाकीवाला त्यांच्या शेजारी उभा राहून भिंतीवरचा बोर्ड शोधायचा. हलक्या वाहनांसाठी एथरने विकसित केलेल्या जोडणीला भारतीय मानक ब्यूरोने 2023मध्ये मान्यता दिली, हिरोची विडा त्याच जोडणीवर आली. सगळ्या कंपन्या अजून आलेल्या नाहीत. राज्याच्या 2025च्या धोरणात महामार्गांवर दर 25 किलोमीटरला चार्जिंगची सोय म्हटली आहे. त्या चार्जरना दुचाकीची पिन असेल का, हे मी आधी विचारीन, आणि डोक्यावर पत्र्याची सावली असेल का, हे लगेच नंतर.

घाटांची भीती मात्र उगाच मोठी केली गेली. कराडहून कुंभार्लीमार्गे चिपळूण सुमारे शंभर किलोमीटर. चिपळूणहून वर येताना चढ साधारण 600 मीटरचा. पोफळीच्या वीजघरात याच सह्याद्रीवरून कोयनेचे पाणी खाली उतरवून वीज केली जाते. गाडी आणि स्वार मिळून 280 किलो धरले, तर तेवढे उचलायला अर्ध्या युनिटाहूनही कमी ऊर्जा पुरते. मोटर आणि कंट्रोलर यांतले काही खातील, तरी एफ77च्या बॅटरीला हा खर्च जड नाही. वळणांवर वेग तीस-चाळीसच असतो, त्यामुळे बॅटरीतून करंटही हमरस्त्यापेक्षा कमीच जातो. घाटात तापते ती मोटर, कारण कमी फेऱ्यांत तिला जास्त जोर लावावा लागतो. उतरताना ब्रेकमधून थोडी वीज परत मिळते. मात्र त्यासाठी बॅटरीत जागा हवी, आणि कराडला पूर्ण भरलेली गाडी कोयनानगरपर्यंत ती आपोआप करून घेते. अडचण आहे ती पाटणच्या पुढे भरवशाचा चार्जर मिळण्याची. म्हणून या बाजूला निघणारे अजूनही पंधरा अँपियरची वायर बॅगेत ठेवतात, आणि मुक्कामाची खोली घेण्याआधी तळमजल्यावर बोर्ड आहे का, एवढे फोनवर विचारून घेतात.