केबल डिजिटल झाली आणि फाटकावरचा कॅमेरा बदलला

केबल टीव्हीच्या डिजिटलीकरणात अमरावती आणि अकोला तिसऱ्या टप्प्यात मोडत होती. २०११ साली केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार मुंबईतली ॲनालॉग केबल ऑक्टोबर २०१२च्या अखेरीस आणि नागपुरातली मार्च २०१३च्या अखेरीस बंद करायची ठरली. पहिल्या दोन टप्प्यांत नसलेल्या सगळ्या शहरांना, म्हणजे अमरावती-अकोल्याबरोबर अचलपूर, अकोट, मूर्तिजापूर, वरुड यांनाही, डिसेंबर २०१५ची मुदत होती. कोर्टकचेऱ्यांत ती लांबत लांबत ३१ जानेवारी २०१७वर गेली. खेड्यांना मार्चअखेरपर्यंतची सवड मिळाली. पुढे दूरदर्शननेही २०२२पर्यंत आपले बहुतेक ॲनालॉग प्रक्षेपक गुंडाळले.

सीसीटीव्हीचा या प्रक्षेपणाशी थेट संबंध नाही. कॅमेऱ्याचे चित्र वायरीने रेकॉर्डरला आणि तिथून पडद्यावर जाते. मध्ये केबलवाल्याचे काही काम नसते. त्यामुळे डिजिटलीकरणाने कोणाचा कॅमेरा बंद पडला नाही. बदल झाला तो आडवाटेने. टीव्हीत चित्र शिरायचा रस्ता बदलला, घरापर्यंत येणारी वायर बदलली, आणि ती वायर टाकणारा माणूस आणखी एक धंदा करू लागला.

ॲनालॉगच्या काळात दारावरचे चित्र टीव्हीवर पाहायची एक सोपी युक्ती होती. कॅमेऱ्याची वायर मॉड्युलेटर नावाच्या छोट्या डबीला जोडायची. ही डबी त्या चित्राचे टीव्ही चॅनल बनवते. मग अँटेनाच्या वायरीत ते मिसळून टीव्हीवर एखादा रिकामा नंबर लावला की बातम्या पाहता पाहता रिमोटचे एक बटण दाबून फाटकावर कोण उभे आहे ते दिसे. केबलवाले स्वतःचे व्हिडिओ चॅनल याच पद्धतीने चालवत. जोडणी कच्ची असली की हे चित्र उलट्या दिशेने केबलमध्ये शिरून शेजाऱ्याच्या टीव्हीवरही उमटू शके. घराच्या सुरक्षेसाठी बसवलेला कॅमेरा गल्लीला फुकट दिसावा, हा त्यातला विनोद.

सेटटॉप बॉक्सने ही सोय मोडली. टीव्हीचा ट्यूनर बेकार झाला, कारण चॅनल आता बॉक्स लावतो आणि टीव्ही नुसता पडदा उरतो. वायरही मोकळी राहिली नाही: ॲनालॉगमध्ये एक चॅनल जेवढी जागा घेई, तेवढ्यात डिजिटलमध्ये दहा-पंधरा चॅनल बसतात आणि पूर्वीचे रिकामे नंबर कुठल्या ना कुठल्या सिग्नलने भरलेले असतात. मॉड्युलेटर अजून मिळतो, चालतोही, पण त्यासाठी वेगळी वायर आणि दर वेळी टीव्हीचे इनपुट बदलणे आले. घरातल्या आजीला ते जमत नाही, आणि दुपारी घरात बहुधा तीच असते. एचडीएमआय वायरीने रेकॉर्डर थेट टीव्हीला जोडता येतो. तिथेही इनपुट बदलणे सुटत नाही. लोकांनी टीव्हीचा नाद सोडून फोन धरला तो यामुळेच.

फोनवर चित्र यायला घरात इंटरनेट हवे, आणि ते पुष्कळ घरांत केबलवाल्यानेच आणले. चॅनलचे पैसे वाटून गेल्यावर हाती फारसे उरेना, म्हणून अनेक ऑपरेटरांनी खांबावरून काळ्या कोॲक्स वायरीच्या जागी फायबर ओढला आणि त्यावर ब्रॉडबँड विकायला सुरुवात केली. राउटर बसवायला आलेला मुलगा ‘कॅमेराही लावून देऊ का?’ असे विचारतो, आणि पोरे पुण्याला नोकरीला असलेल्या घरात हा प्रश्न वाया जात नाही. पूर्वी दिवाळीत गावाला जाताना किल्ली शेजारी ठेवत. ती आजही ठेवतात, पण जोडीला हिंजवडीत बसलेला मुलगा अमरावतीचे फाटक पाहत असतो.

इथून निवड सुरू होते. वायरवाल्या कॅमेऱ्यांत ॲनालॉग संपलेले नाही. टीव्हीत मेलेला हा शब्द सीसीटीव्हीच्या दुकानात अजून जिवंत आहे. आजचे एचडी ॲनालॉग कॅमेरे कोॲक्सवरच चालतात. दुकानात ‘थ्री प्लस वन’ मागितली की एकाच आवरणात चित्राची आणि विजेची वायर मिळते. फाटक घरापासून लांब असेल तर हीच बरी, कारण आयपी कॅमेऱ्याच्या नेटवर्क वायरीची मर्यादा १०० मीटर आहे आणि कोॲक्स त्याहून पुष्कळ लांब जाते. आयपी कॅमेऱ्यात चित्र अधिक स्पष्ट मिळते आणि वीजही त्याच वायरीतून देता येते. वायफाय कॅमेरा सर्वांत स्वस्त आणि झटपट. मात्र त्यातले चित्रण बहुधा कॅमेऱ्यातल्याच मेमरी कार्डावर असते. चोराने कॅमेरा उपटून नेला तर पुरावाही गेला. बाहेरच्या भिंतीवर असा एकटा कॅमेरा लावणे म्हणूनच शहाणपणाचे नाही.

रेकॉर्डरची हार्डडिस्क किती मोठी, याचा हिशेब सोपा आहे. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट भरतो असे धरले तर दिवसाचे २१-२२ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क ११ दिवस पुरते आणि मग जुने पुसून नवे भरू लागते. लग्नाला पंधरा दिवस गावाला गेलेल्यांना पहिल्या रात्रीची चोरी परत आल्यावर पाहायला मिळणार नाही.

वऱ्हाडी उन्हाळा या सगळ्यात स्वतःची भर घालतो. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पश्चिमेच्या भिंतीवरचा कॅमेरा आणि बंद कपाटातला रेकॉर्डर दोन्ही तापतात. यंत्रावर छापलेली तापमानाची मर्यादा हवेची असते, उन्हात तापलेल्या डबीची नव्हे. त्यात कूलर. खिडकीत बसवायचा म्हणून ग्रिल कापलेली असते, आणि रात्री त्याच्या घरघरीत दाराचा आवाजच काय, सायरनही धड ऐकू येत नाही. गच्चीवर झोपणाऱ्या घरांत खालचा मजला तर कॅमेऱ्यावरच सोडलेला. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखा चालतो, पण रेकॉर्डर आणि राउटर त्याच्याशी जोडायचे राहून जातात. राउटर बंद पडला तरी रेकॉर्डर चित्र साठवतो. रेकॉर्डर बंद पडला तर काहीच उरत नाही. म्हणून इन्व्हर्टरवर आधी रेकॉर्डर आणि कॅमेरे घ्यावेत.

मोर्शी-वरुडच्या संत्र्याच्या बागांत फायबर पोहोचत नाही. तिथे सौर पॅनलवर चालणारे, सिम घातलेले ४जी कॅमेरे उपयोगी पडतात. विहिरीवरची मोटार आणि तिची तांब्याची केबल चोरीला जाणे हे शेतकऱ्याचे जुने दुखणे आहे. सिम निवडताना मात्र पाहावे लागते. कॉल किंवा एसएमएस करणारे स्वस्त जीएसएम अलार्म २जीवर चालतात, आणि जिओकडे २जी मुळात नाहीच. त्या यंत्रात ते सिम मुके राहते. अमेरिकेत फेब्रुवारी २००८मध्ये कंपन्यांना ॲनालॉग मोबाइल सेवा बंद करायची मुभा मिळाली, तेव्हा तिच्यावर चालणारे घरगुती अलार्म असेच बदलावे लागले होते. अलार्म विकत घेताना तो कोणत्या नेटवर्कवर चालतो हे विचारायचे ते एवढ्यासाठी.

फोनवर दिसणारे चित्र दुसऱ्यालाही दिसू शकते, हा या सोयीचा दुसरा भाग. ऑक्टोबर २०१६मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कारखान्यातलाच पासवर्ड राहिलेले हजारो कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले. त्यांच्या जोरावर अमेरिकेत मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या गेल्या. कॅमेऱ्यांच्या मालकांना याचा पत्ताही नव्हता. २०२५ साली राजकोटच्या एका प्रसूतिगृहातले खासगी चित्रण इंटरनेटवर विक्रीला निघाल्याचे उघडकीस आले. घरी कॅमेरा बसवणारा मुलगा पासवर्ड स्वतःच ठरवतो आणि बहुधा सगळ्या गिऱ्हाइकांना तोच देतो. तो निघून गेल्यावर त्याच दिवशी पासवर्ड बदलावा. झोपण्याच्या खोलीत तर कॅमेरा नकोच.

केंद्र सरकारने ९ एप्रिल २०२५पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षाचाचणीसह भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची केली आहे. ही सक्ती नव्या मालाला आहे. त्याआधी घरात बसलेल्या कॅमेऱ्यांना ती लागत नाही. त्यांच्यासाठी पासवर्ड बदलणे आणि कंपनी देत असेल तर सॉफ्टवेअर अद्ययावत करणे, एवढेच मालकाच्या हाती आहे.