तळ्याभोवतीची सोपी वाट

आज आपण एका वाटेविषयी बोलणार आहोत. डोंगरातली नाही, घाटातली नाही. अगदी सपाट वाट, म्हातारी आजी, बाळाला गाडीत घेऊन निघालेली आई आणि चाकाच्या खुर्चीवरची बाई, तिघींनाही जमेल अशी.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात ओकलंड नावाचं शहर आहे. त्याच्या मध्यभागी लेक मेरिट हे तळं आहे. आकार दीडशे एकरांच्या आसपास. पाणी गोडं नाही, खारं. पूर्वी ही खाडीचीच एक फाटा होती. भरतीला पाणी चढायचं, ओहोटीला चिखल उघडा पडायचा आणि गावाचं सांडपाणीही त्यातच जायचं. 1860 च्या दशकात तिथले महापौर डॉ. सॅम्युअल मेरिट यांनी बांध घालून पाणी अडवलं, म्हणून तळ्याला त्यांचं नाव. 1870 साली राज्याने कायदा करून इथल्या पक्ष्यांची शिकार बंद केली. उत्तर अमेरिकेतलं पहिलं सरकारी वन्यजीव अभयारण्य म्हणून हे तळं ओळखलं जातं.

तळ्याभोवतीची फेरी साधारण साडेपाच किलोमीटरची. सावकाश चाललं तर दीड-दोन तास. पण पूर्ण फेरी मारलीच पाहिजे असं नाही. थोडं चालावं, बाकावर बसावं, परत फिरावं. चालताना पाणकावळे, बदकं, पाणकोळी दिसतात. रातबगळा तर या शहराचा मानाचा पक्षी. हाच रातबगळा आपल्याकडेही तळ्याकाठच्या झाडांवर दिसतो बरं का!

आता तुम्ही म्हणाल, ही वाट आधीपासूनच अशी होती का? नव्हती. तळ्याच्या एका टोकाला बारा पदरी रस्ता होता. पायी जाणाऱ्यांना त्याच्या खालच्या भुयारातून जावं लागे. अंधारात, एकटीदुकटीने तिथून जायचं म्हणजे जिवावर येणार. मग 2002 साली शहरात मतदान झालं. तळी, खाडी आणि बागा सुधारण्यासाठी 19 कोटी 80 लाख डॉलरचं कर्ज काढायला लोकांनी मोठ्या बहुमताने होकार दिला. ते फेडायचं लोकांच्याच करातून. पुढे तो रस्ता सहा पदरी झाला, सुटलेल्या जागेत बाग आली, भुयारं गेली. खाडीकडचा प्रवाह मोकळा केल्यावर भरती-ओहोटीचं पाणीही जास्त खेळू लागलं.

तरी काम एकदाच करून भागत नाही. 2022 च्या ऑगस्टमध्ये खाडीत आणि तळ्यात शेवाळ माजलं, पाण्यातला प्राणवायू संपला आणि हजारो मासे मेले. काठावर दुर्गंधी सुटली. वाट कितीही चांगली असो, पाणी बिघडलं की माणसं पाठ फिरवतात.

सोपी वाट म्हणजे नेमकं काय, तेही पाहू. चाकाची खुर्ची जायला निदान तीन फूट मोकळी रुंदी लागते. दोन खुर्च्या समोरासमोर आल्या तर पाच फूट. चढासाठी हिशोब सोपा आहे: एक इंच उंचीला बारा इंच उतार. म्हणजे सहा इंचांची पायरी काढून उतार करायचा तर तो सहा फूट लांब हवा. दोन फुटांचा उतार केला तर खुर्ची उलटेल आणि म्हातारं माणूस घसरेल. जमीन टणक हवी. वाळूत, सुट्या खडीत चाक रुततं. शिवाय जागोजागी बाक, सावली, उजेड आणि आत वळता येईल असं स्वच्छतागृह. यातली एखादी गोष्ट नसली तरी कुणीतरी घरीच राहतं. बहुतेक वेळा ती बाईच असते.

आपल्या गावात तळं असेल, बंधारा असेल, देवळाकडे जाणारी वाट असेल. आपल्याकडे 2016 चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आहे. सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असं तो सांगतो. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. त्यातून काय झालं, हे महिला ग्रामसभेत विचारता येतं.

तर मैत्रिणींनो, गटाच्या पुढच्या बैठकीआधी एक काम करा. गुडघेदुखीच्या एखाद्या मावशींना आणि काठी किंवा खुर्ची वापरणाऱ्या एखाद्या ताईंना सोबत घ्या. टेप घ्या, वही घ्या आणि गावातली एक वाट चालून या. त्या जिथे थांबतील, तिथे का थांबल्या ते लिहा: पायरी, खड्डा, चिखल, अंधार, बसायला जागा नाही. ती यादी सह्यांसह ग्रामसभेत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका. नुसतं 'वाट नीट करा' म्हटलं तर विषय टळतो. 'शाळेजवळची आठ इंचांची पायरी काढून आठ फुटांचा उतार करा' म्हटलं, की उत्तर द्यावंच लागतं.