शिकारी वाघ कोणी बनवला?

शाळेत दुसरे महायुद्ध शिकवले की नातवंडे म्हणतात, "आजोबा, टँक बघायला जाऊ या ना!" आपल्या स्लाऊहून गाडीने दोन-अडीच तासांवर, डॉर्सेटमध्ये, बोव्हिंग्टनचे टँक म्युझियम आहे. तिथे जर्मनांचा 'याग्डटिगर', म्हणजे शिकारी वाघ, ठेवलेला आहे. जगात असे तीनच उरलेत. बाकीचे दोन अमेरिकेत आणि रशियात.

मुलांनो, हा साधा रणगाडा नव्हे, तर रणगाडे फोडणारी गाडी. रणगाड्याचा वरचा भाग तोफेसकट गरागरा फिरतो, याचा फिरत नाही. तोफ जास्त वळवायची तर अख्खी गाडी वळवावी लागे. वजन सुमारे ७० टन, तोफ १२८ मिलिमीटरची, आत सहा माणसे. असले धूड झाडीत दबा धरून बसे, म्हणून अंगावर फसवा रंग हवा. १९४३ पासून जर्मन गाड्यांना मूळ रंग पिवळसर देत, त्यावर तांबूस आणि हिरवे पट्टे. पट्ट्यांचा रंग घट्ट लेपासारखा मिळे. सैनिक तो पाण्यात, नाहीतर पेट्रोलमध्ये पातळ करून लावीत. बोव्हिंग्टनच्या याग्डटिगरवर खाली खडबडीत गिलावाही दिसतो. चुंबकी सुरुंग चिकटू नये म्हणून तो लावत. पण म्युझियममधल्या पुष्कळ गाड्या युद्धानंतर पुन्हा रंगवलेल्या असतात, हे लक्षात ठेवा.

आता रंगाखालची गोष्ट. याग्डटिगर ऑस्ट्रियात सेंट व्हॅलेंटिनच्या कारखान्यात बनत. १९४४ साली तिथे माउटहाउझेन छळछावणीची शाखा उघडली आणि कैद्यांना कामाला जुंपले. मुलांना तोफेची लांबी सांगाल, तेव्हा हेही सांगा.

कोणी म्हणेल, आपण कोकणातली माणसे, हिटलरचा हात आपल्या घरापर्यंत पोचला नाही. खरे आहे. पण युद्ध संपले तरी या गाड्या संपल्या नाहीत. स्वित्झर्लंडने 'हेट्झर' जातीच्या १५८ गाड्या घेतल्या. सिरियाने जुन्या जर्मन गाड्या विकत घेऊन गोलानवर इस्राएलसमोर उभ्या केल्या. १९६७ च्या सहा दिवसांच्या युद्धात त्या इस्राएलच्या हाती लागल्या. त्यातली एक लात्रूनच्या म्युझियममध्ये आहे. तिकडच्या नातेवाइकांकडे गेलात तर जरूर बघा.

आणि देशी गेलात तर नगरला (आताचे अहिल्यानगर) लष्कराचे टँक म्युझियम आहे, १९९४ साली उघडलेले. तिथे जर्मनांची प्रसिद्ध ८८ मिलिमीटरची तोफ आहे आणि ब्रिटिशांची 'आर्चर'ही. आर्चरची तोफ मागे तोंड करून बसवलेली! गोळा मारायचा आणि न वळता सरळ पळायचे. मुले खूश होतील.

तेव्हा आजी-आजोबांनो, सुट्टीत नातवंडांना घेऊन जा. लोखंड दाखवा, रंग दाखवा, आणि ते बनवायला लावलेल्या माणसांची आठवणही सांगा.