हेडफोन घेताय? आधी त्याची पाठ बघा



आपल्या बऱ्याच गटांमध्ये आता आवाज रेकॉर्ड करायचं काम सुरू झालंय. कुणी आजीबाईंच्या ओव्या घेतंय, कुणी गावरान बियाणं जपणाऱ्या बाईची मुलाखत. माईकची सोय होते, मोबाईल असतोच, आणि मग बैठकीत विषय निघतो हेडफोनचा. गटाच्या पैशातून चार-पाच हजार काढायचे म्हणजे चार जणींना उत्तर द्यावं लागतं. त्यात दुकानदार विचारतो, "क्लोज्ड-बॅक देऊ का ओपन-बॅक?" म्हणजे बंद पाठीचा का उघड्या पाठीचा? आज तेवढंच समजून घेऊ.

हेडफोनच्या प्रत्येक वाटीत एक छोटा स्पीकर असतो. त्याचा पडदा थरथरतो तेव्हा आवाज पुढे कानात जातो, आणि मागच्या बाजूलाही निघतो. या मागच्या आवाजाचं काय करायचं, यावरून दोन जाती झाल्या. बंद पाठीच्या हेडफोनमध्ये वाटी मागून पक्की झाकलेली असते. त्यामुळे आतला आवाज बाहेर फारसा जात नाही आणि बाहेरचाही आत कमी येतो. उघड्या पाठीच्या हेडफोनला मागे जाळी असते, तिच्यातून आवाज आणि हवा दोन्ही खेळतात. हा प्रकार तसा जुना आहे. जर्मनीच्या झेनहायझर कंपनीने १९६८ साली एचडी ४१४ नावाचा उघड्या पाठीचा हेडफोन बाजारात आणला, तेव्हापासून तो लोकांना माहीत झाला.

आता उघड्या पाठीची बाजू आधी सांगते, कारण तिला उगाच कमी लेखू नये. घागरीत तोंड घालून बोललं की आवाज कसा घुमतो? बंद वाटीतही थोडं तसंच होतं. स्वस्तातल्या बंद हेडफोनमध्ये खालचा, घोगरा आवाज फुगलेला वाटतो. मग एडिटिंग करणारी बाई म्हणते, "हिचा आवाज फार जाड आलाय," आणि चांगला आवाज उगाच पातळ करून ठेवते. उघड्या पाठीत हा घुमारा कमी असतो, आवाज मोकळा वाटतो, कानाला घामही कमी येतो. शांत खोलीत बसून दोन-तीन तास कापाकापी करायची असेल, तर तो नक्कीच सुखाचा.

पण आपलं काम शांत खोलीत कुठं चालतं? शेजारी पिठाची गिरणी असते, रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर जातो, सप्ताहाचा भोंगा चालू असतो. सुप्याच्या पठारावर तर वारा इतका, की तिथं पवनचक्क्या उभ्या आहेत. माईकमध्ये वारा घुसतोय का, पदर घासतोय का, बांगडी वाजतेय का, हे रेकॉर्डिंग चालू असतानाच कळायला हवं. उघड्या पाठीतून गिरणीचा आवाज थेट कानातही येतो. मग तो माईकमधून आला का नुसता बाहेरून, हे ओळखूच येत नाही.

त्याहून मोठी अडचण उलट्या बाजूची. हेडफोनमधून बाहेर पडलेला आवाज माईक पकडतो. समजा आधी एकीची ओवी घेतली, आणि ती हेडफोनवर ऐकत दुसरी तिच्या मागं गाणार आहे. हेडफोन उघड्या पाठीचा असेल तर पहिलीचा आवाज झिरपून दुसरीच्या रेकॉर्डिंगमध्ये जातो, आणि तो नंतर पुसता येत नाही. माईकचा आवाज चालू ठेवून हेडफोन माईकच्या फार जवळ नेला, तर शिट्टीही वाजते.

हे मी ओव्यांवरूनच का सांगते? हेमा रायरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रितही आहेत. आज त्या 'परी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. गाणाऱ्यांपैकी काही जणी आता हयात नाहीत, आवाज मात्र राहिला. आपल्या गावातली ऐंशीची आजी पुन्हा तशीच गाईल याचा भरवसा कोण देणार? म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गटाचा पहिला हेडफोन बंद पाठीचाच घ्या. उघड्या पाठीचा पुढं कधीतरी, एडिटिंगसाठी वेगळी खोली झाली तर. 'सेमी-ओपन' म्हणून मधला प्रकार मिळतो, पण त्यातूनही आवाज झिरपतो. माईकजवळच्या कामाला तो उघडाच समजा.

बंद पाठीचं एक पथ्य आहे, आणि ते जाहिरातीत कुणी सांगत नाही. त्याची गादी कानाभोवती सगळीकडून टेकली पाहिजे. मोठ्या कुड्या, बुगडी, वेल, चष्म्याची काडी, डोक्यावरचा पदर यांनी फट पडते. फट पडली की आवाज पोकळ लागतो आणि बाहेरही झिरपतो. तेव्हा बसण्याआधी वेल काढून ठेवा, पदर मागे घ्या. अंबाडा उंच असेल तर पट्टी नीट बसत नाही, तो जरा खाली बांधा.

दुकानात पारख करायची तर हेडफोन घालून गाणं लावा आणि दोन्ही तळहात वाट्यांच्या पाठीवर दाबा. आवाज एकदम बदलला तर पाठ उघडी, फारसा फरक पडला नाही तर बंद. नुसत्या जाळीवर जाऊ नका, काही ठिकाणी ती शोभेपुरतीच असते. मग सोबतच्या बाईला हातभर अंतरावर उभं करा. तिला गाण्याचे शब्द कळत असतील तर तो हेडफोन आपल्या कामाचा नाही.

डब्यावर 'ओहम' हा आकडा असतो. तो साधारण ३२ ते ६० असेल तर बहुतेक मोबाईलवर आवाज पुरेसा येतो. २५० चा घेतलात तर वेगळा अॅम्प्लिफायर लागेल. ऑडिओ-टेक्निकाचा एम२०एक्स हा बंद पाठीचा, ४७ ओहमचा, पण त्याची वायर निघत नाही. त्याच्या वरच्या एम४०एक्सची निघते, किंमतही चढते. वायर तुटणं हे गटातल्या वस्तूच्या नशिबी असतंच, म्हणून पैसे पुरत असतील तर निघणारी वायर घ्या.

बिनवायरचा ब्लूटूथ हेडफोन या कामाला घेऊ नका. बोललेलं किंचित उशिरा कानावर येतं आणि गाणारीचा ठेका चुकतो. मोबाईलला गोल पिनची जागा नसेल तर सी-टाइपचं जोडणं लागेल. शिवाय काही अॅप रेकॉर्डिंग चालू असताना हेडफोनमध्ये आवाज देतच नाहीत, म्हणून आपला मोबाईल आणि माईक दुकानात घेऊन जा आणि तिथंच करून बघा.

आवाज बेताचा ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणे मोठ्या माणसानं ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांच्या आत ऐकावा. गोंगाटात उघडा हेडफोन घातला की आवाज आपोआप वाढवला जातो, तेही बंद पाठीला एक कारण आहेच.

हेडफोन दहा जणींच्या कानाला लागणार. गादीवर जुन्या सुती साडीचं पातळ अभ्रं शिवा आणि दर खेपेला धुवा. रेक्झिनच्या गाद्या घामानं वर्ष-दोन वर्षांत सोलतात, तेव्हा सुट्या गाद्या मिळतात का, हे पावती फाडायच्या आधीच विचारून घ्या.