पैशाचा खेळ आणि खेळाची निर्मिती

21 ऑगस्ट 2025 रोजी संसदेने संमत केलेल्या आणि दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपतींची मान्यता लाभलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने ई-स्पोर्ट्स, सामाजिक खेळ आणि पैसे लावून खेळावयाचे खेळ असा त्रिविध भेद केला असून, यांपैकी तिसरा प्रकार चालविणाऱ्यास 3 वर्षांपर्यंत कैद, 1 कोटी रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा मुक्रर केली आहे; खेळणारास मात्र गुन्हेगार मानलेले नाही, आणि हा विवेक मला सर्वथा उचित वाटतो. मुंबईच्या ‘ड्रीम इलेव्हन’ या कंपनीने त्यानंतर पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. 

गेमिंग उद्योगातील निर्मितीची बाजू मात्र अधिक मोलाची : पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘राजी’ या खेळात पुराणकथा आणि पहाडी चित्रशैली यांचा आधार घेतला, तर पुण्याच्याच ‘सुपरगेमिंग’ने 2024 मध्ये ‘इंडस’ हा खेळ आणला. सातपुड्याच्या पायथ्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील काठी गावची राजवाडी होळी, तिच्यातील मोरपिसांचे टोप, कमरेचे घुंगरू आणि रात्रभर घुमणारे ढोल, तेथील जाणत्या वडीलधाऱ्यांच्या संमतीने, अशाच एखाद्या खेळात उतरावेत, अशी माझी फार दिवसांची इच्छा आहे.